व्यसनमुक्तीचा पैसा गावापर्यंत कसा पोचतो?

कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाला 2020 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आदिवासी विकासाच्या निधीवर आता त्यांचाही हक्क आहे. पण रस्ते, घरं, शिष्यवृत्त्या यांच्या रांगेत व्यसनमुक्तीचा नंबर लागतो कधी?

महाराष्ट्रातल्या गडचिरोलीत तो लागला. तिथे 1993 पासून दारूबंदी आहे. पण नुसत्या बंदीने व्यसन सुटत नाही, म्हणून 2016 मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. तालुक्याला उपचार केंद्र, गावात शिबिर, बायांच्या पुढाकाराने चालणारी गावसंघटना, असं त्याचं काम. दारूइतकाच भर खर्ऱ्यावर. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा तिथे शाळकरी पोरांच्याही तोंडात असतो.

गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत विस्तार कायद्याचं बळही आहे. मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. शिवाय 2015 पासून महाराष्ट्र आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट अशा गावांना देतो.

कर्नाटकात अनुसूचित क्षेत्रच घोषित नाही, त्यामुळे धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगीकडच्या सिद्दी वाड्यांना पेसा लागू नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत आधार आहे तो केंद्र सरकारच्या नशामुक्त भारत अभियानाचा. त्याची मोफत हेल्पलाइन 14446. मानसोपचारासाठी धारवाडचं सरकारी डिमहान्स रुग्णालय आहे.