लांबचं दिसलं म्हणून पृथ्वी सपाट होत नाही

‘पृथ्वी गोल असेल तर इतक्या लांबची इमारत दिसतेच कशी?’ सपाट पृथ्वीवाल्यांचा हा हुकमी प्रश्न. ऐकायला बिनतोड; हिशेब मांडला की मेख कळते.

गैरसमज : अंतराच्या मैलांचा वर्ग करून आठने गुणा, तितके इंच उंचीचं सगळं झाकलं जायला हवं.

वस्तुस्थिती : हे सूत्र पाण्याला टेकलेल्या डोळ्यापुरतं खरं. डोळा उंच गेला की क्षितिजही लांब जातं. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून ३.५७ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. वाळूत उभ्या माणसाला ते जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, शंभर मीटरच्या कड्यावरून जवळपास ३६. वस्तू बुडू लागते ती त्यापुढे.

गैरसमज : सपाटपणा प्रयोगानं सिद्ध झाला आहे.

वस्तुस्थिती : १८३८ साली सॅम्युअल रोबोथम इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्डच्या सरळसोट कालव्यात उतरला. डोळा पाण्यापासून आठ इंचांवर ठेवून त्याने सहा मैलांवर गेलेली होडी पाहिली आणि पाणी सपाट असल्याचं ठरवलं. पण पाण्यालगतच्या थंड, दाट हवेत प्रकाश खाली वाकतो आणि बुडालेलं वर उचलल्यासारखं दिसतं. १८७० साली आल्फ्रेड रसेल वॉलेसने ५०० पौंडांची पैज घेऊन तिथेच प्रयोग केला, पण पाण्यापासून सुमारे १३ फूट उंचीवरून. दुर्बीण, मधल्या खांबावरची तबकडी आणि पलीकडच्या पुलावरची खूण, तिन्ही एकाच उंचीवर. पाणी सपाट असतं तर तिन्ही एका रेषेत आली असती; मधली तबकडी स्पष्टपणे वर दिसली. पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला.

गैरसमज : बुडालेलं जहाज कॅमेऱ्याच्या झूमने परत येतं.

वस्तुस्थिती : लहान दिसणारं जहाज झूमने मोठं होतं. क्षितिजाखाली गेलेला बुडखा मात्र कितीही झूम केलं तरी वर येत नाही.

गैरसमज : ४४३ किलोमीटरवरचं शिखर फोटोत आलं, म्हणजे वक्रता नाहीच.

वस्तुस्थिती : २०१६ साली पिरेनीजमधल्या फिनेस्ट्रेल्स शिखरावरून आल्प्समधल्या गास्पार शिखराचा असा फोटो खरोखरच निघाला. पहिलं २,८०० मीटरहून उंच, दुसरं ३,८०० मीटरहून. दोन्हींच्या क्षितिजांची बेरीज सुमारे ४१२ किलोमीटर. हवेतलं नेहमीचं वक्रीभवन धरलं तर ४४५च्या आसपास. म्हणजे फोटो निघाला तो गोल पृथ्वीच्या हिशेबात, अगदी काठावर. पृथ्वी सपाट असती तर त्यासाठी एवढी उंच शिखरं गाठावीच लागली नसती.