महालक्ष्मीचा वजनकाटा

महालक्ष्मीचे रेसकोर्स आज जिथे आहे, तिथे एकेकाळी भरतीचे पाणी शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडवला आणि ही सखल खाजण जमीन हळूहळू वापरात आली. मुंबईच्या शर्यती त्याआधी भायखळ्याला होत; १८८३ साली त्या इकडे हलल्या. आखणीला मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा नमुना होता. शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या नावाला १९३५ साली ‘रॉयल’ हे बिरूद लागले, आणि ‘रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब’ हे नाव अजूनही तेच आहे.

मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात, त्यांच्यामागे ट्रेनर, जॉकी आणि मोतद्दारही. फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी हा या वर्षाचा कळस. २४०० मीटरची ही शर्यत १९४३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी जिंकली होती. टोप्या आणि फॅशन यांचीच छायाचित्रे त्या दिवशी जास्त छापून येतात. खरी गंमत मात्र वजन करायच्या खोलीत असते.

सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात, म्हणून हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात आणि कच्च्या घोड्याला सूट देतात. हा हिशेब अर्ध्या अर्ध्या किलोपर्यंत चालतो. जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर बसतो. ठरलेल्या आकड्याला तो कमी भरला, तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. शर्यत संपली की धापा टाकणाऱ्या घोड्यावरचे खोगीर काढून तो पुन्हा त्याच काट्यावर येतो. मघाचे वजन भरले नाही, तर पहिला आलेला घोडाही बाद होऊ शकतो. म्हणून शर्यत संपली तरी जाणता प्रेक्षक तिकीट लगेच फाडत नाही. जॉकीला मात्र हा काटा वर्षभर छळतो. शिसे वाढवता येते. अंगावरचे मांस उतरवायला उपाशी राहावे लागते, घाम गाळावा लागतो.

पैजेचे गणित त्यापेक्षा सोपे आहे. टोटमध्ये पैज क्लबशी नसते, ती इतर प्रेक्षकांशी असते. सगळ्यांचे पैसे एका कुंडात पडतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा कुंडात एक लाख रुपये जमले आणि वीस हजार कापले गेले. जिंकणाऱ्या घोड्यावर दहा रुपयांची चार हजार तिकिटे असतील, तर प्रत्येकाला वीस रुपये मिळतील. बुकी ठरावीक भाव देतो; टोटचा भाव गर्दीच ठरवते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. करखात्याचा दृष्टिकोन वेगळा आहे. २८ टक्के जीएसटी पैजेच्या पूर्ण रकमेवर लागत असे, जिंकलेल्या पैशांवर नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे शंभर रुपयांची पैज हरली काय नि जिंकली काय, चाळीस रुपये कराचेच. अशा कराखाली छोटा पैजवाला बेकायदा बुकीकडे वळला नाही, तरच नवल.

बक्षिसांचा आणि देखभालीचा मोठा आधार हीच पैज. पुण्याच्या आसपासचे घोडेपैदास उद्योगही शर्यतींवरच जगतात. पैज आटली की क्लबही आटतो, आणि दक्षिण मुंबईतली एवढी मोकळी जमीन दुबळ्या भाडेकरूकडे फार दिवस राहत नाही.

ही जमीन काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. भाडेपट्टा मे २०१३ मध्ये संपला, आणि पुढची दहा वर्षे वाद, प्रस्ताव आणि निवेदनांत गेली. अखेर २०२४ साली तडजोड झाली: सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे, उरलेली ९१ एकर क्लबकडे. किनारी रस्त्याच्या कडेची हिरवी जागा त्यात मिळवून जवळजवळ तीनशे एकरांचे ‘सेंट्रल पार्क’ करण्याचा बेत आहे. धावपट्टी क्लबकडेच राहिली आहे. तिचा नवा भाडेपट्टा तीस वर्षांचा असून २०५३ साली संपेल.