एक दिवस बिदरचा

आमच्या उदगीर भागात अजूनही एखादा म्हातारा भेटतो आणि सांगतो, "आमचा जिल्हा मूळचा बिदर." त्याचे म्हणणे खरे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य मोडले आणि बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्यात आले. ते आधी उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. बिदर शहर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. ज्या गावी आपले आजे-पणजे कोर्टकचेरीला जात, ते गाव आपल्याला परराज्य झाले. आज आपली मुले सहलीला वेरूळ-अजिंठ्याला जातात, रायगडाला जातात; पण दोन तासांवरच्या या जुन्या राजधानीत सहसा कोणी उतरत नाही.

म्हणून आम्ही चौघा मित्रांनी एक दिवस बिदरसाठी राखून ठेवला. एक मित्र शाळेत चित्रकला शिकवतात, दुसरे भूगोलाचे शिक्षक, तिसरे तात्या. तात्या कोरडवाहू शेतकरी. विहीर आणि बोअर या दोन्हींत त्यांचा पैसा गेलेला आहे. चौथा मी, कॉलेजात शिकवणारा. सकाळच्या गाडीने कमालनगर, भालकी मागे टाकत निघालो. वाटेत पाहण्यासारखी गोष्ट एकच, पण ती फार महत्त्वाची आहे. उदगीरची काळी माती हळूहळू संपते आणि बिदर जवळ आले की जमीन तांबडी होते. हा रंगाचा फरक ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बिदरच्या जुन्या शहराच्या मधोमध चौबारा नावाचा एक उंच गोल बुरूज उभा आहे. याच्या माथ्यावरून चारी दिशांवर नजर ठेवता येई. तिथून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गावानचा मदरसा लागतो. आम्ही शिक्षक मंडळी, तेव्हा पाय तिथे आधी थांबले.

हा महमूद गावान मूळचा इराणातल्या गीलान प्रांताचा. वयाच्या चाळिशीत तो व्यापाराच्या निमित्ताने दक्षिणेत आला आणि आपल्या कर्तबगारीने बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ च्या सुमारास त्याने हे विद्यापीठ बांधले. इमारत तीन मजली. तिच्यात व्याख्यानाचे दिवाणखाने, ग्रंथालय, मशीद आणि शिक्षक-विद्यार्थ्यांना राहण्यासाठी खोल्या होत्या. दर्शनी भागावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांच्या चकचकीत फरश्या जडवलेल्या. त्यांतल्या काही अजून शाबूत आहेत. आमचे चित्रकार मित्र त्यांच्यापुढे इतका वेळ उभे राहिले की, तात्यांना त्यांना हाताला धरून पुढे न्यावे लागले.

पण अशा माणसाचा शेवट कसा झाला? दरबारातल्या हितशत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवले, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिले. सुलतान महंमदशहा दारूच्या अमलात होता. त्याने शहानिशा केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचे डोके उडवण्यात आले. पुढच्याच वर्षी सुलतानही मेला आणि थोड्याच वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे पडून अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही ही वेगळी राज्ये उभी राहिली. एका खोट्या पत्राने राज्य बुडाले असे म्हणणे थोडे जास्त होईल. पण खोटे पत्र पडताळून पाहण्याची ताकद ज्या राज्यात उरली नाही, ते राज्य टिकले नाही, एवढे नक्की. आज असली पत्रे मोबाईलवर घरोघर येतात. मुलांना हा धडा शिकवताना त्याची आठवण जरूर द्यावी.

पुढे औरंगजेबाच्या काळात या विद्यालयात बंदुकीची दारू साठवली होती. १६९६ साली तिचा भडका उडाला आणि दोन मिनारांपैकी एक मिनार व इमारतीचा मोठा भाग कोसळला. ज्या घरात पुस्तके होती, तिथे दारू ठेवली, म्हणजे काय होते ते पाहायचे असेल, तर ही अर्धी उरलेली इमारत पाहावी.

तिथून आम्ही किल्ल्यात गेलो. अहमदशहा वली या बहमनी सुलतानाने गुलबर्ग्याची राजधानी इथे हलवली आणि १४३२ च्या सुमारास किल्ल्याचे मोठे बांधकाम पुरे केले. किल्ल्याचे तट थोर आहेतच, पण नजर ठरते ती खंदकावर. काही भागात तर एकापुढे एक असे तीन खंदक आहेत आणि मधल्या भिंती बांधलेल्या नाहीत, मूळ खडकच तसा कोरून ठेवलेला आहे. हे कसे जमले? याचे उत्तर त्या तांबड्या जमिनीत आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीने तासावा असा. उघड्यावर वारा लागला की घट्ट होत जातो. आपल्या काळ्या पाषाणात असा खंदक खोदायचा म्हटले, तर पिढ्या जातील.

आत सोळा खांबांची मशीद आहे, तिच्यासमोर लाल बाग आणि बागेतला हौद आहे. शिंपल्यांचे जडावकाम असलेला रंगीन महाल आहे. हे सारे पाहून आम्ही एका कमानीच्या सावलीत भाकरी सोडल्या. तेव्हा तात्यांनी विचारले, "सर, राजवाडे बांधले, बागा केल्या, समदं खरं. पर एवढ्या उंच माळावर पाणी कुठून आणलं?"

श्रोते हो, कोणत्याही जुन्या शहरात गेल्यावर पहिल्यांदा विचारावा असा हा प्रश्न आहे. तलवार कोणाची, तख्त कोणाचे, हे आपण विचारतो. पण लाखाची फौज असो की चार घरांची वस्ती असो, पाण्यावाचून ती एक दिवस राहू शकत नाही.

उत्तर भूगोलाच्या मित्रांनी सांगितले, आणि दुपारनंतर शहराबाहेर नौबादला नेऊन दाखवलेही. ते असे. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. पावसाचे पाणी तो वाहून जाऊ देत नाही, भिजलेल्या घोंगडीसारखे पोटात धरून ठेवतो. खाली चिकण मातीचा थर आणि त्याच्याखाली काळा खडक. तिथे पाणी अडते आणि उताराच्या बाजूने सरकू लागते. जिथे पठाराची कड तुटते, तिथे ते आपसूक बाहेर येते. यालाच झिरा म्हणतात. बिदरला गुरू नानकांच्या नावाचा प्रसिद्ध झिरा आहे. शीख बांधव दूरदुरून तिथे येतात, आणि कोणीही गेले तरी लंगरमध्ये जेवण मिळते. झरणी नरसिंहाला तर छातीभर पाण्यातून लांब भुयार चालून देवापर्यंत जावे लागते. देव वेगळे, भक्त वेगळे, पण पाणी त्याच एका पठाराच्या पोटातले.

बहमनी काळात इराणातून आलेल्या जाणकारांनी निसर्गाची ही रीत ओळखली आणि ती राबवून घेतली. त्यांच्या देशात ही विद्या फार जुनी. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. बिदरची माणसे सुरंग बावी म्हणतात. तिची रचना समजायला सोपी आहे. चढावर एक मूळ विहीर खोदायची, ती पाण्याच्या थरापर्यंत न्यायची. मग उताराच्या बाजूने एक आडवे भुयार त्या विहिरीपर्यंत खोदत आणायचे. भुयाराला उतार द्यायचा, पण वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी. म्हणजे काय होते? जमीन झपाट्याने खाली येते, भुयार हळूहळू येते, आणि पुढे एका ठिकाणी दोघांची गाठ पडते. तिथे पाणी उघड्यावर वाहू लागते. मोट नको, रहाट नको, मोटार नको. वाटेत ठराविक अंतरावर उभे उसासे ठेवलेले असतात. खोदताना माती त्यांतूनच वर काढायची, आत काम करणाऱ्याला हवा त्यांतूनच मिळायची, आणि पुढे वस्तीतल्या बायाबापड्यांनी पोहरा सोडून पाणी शेंदायचे तेही त्यांतूनच. पाणी जमिनीखालून जाते म्हणून उन्हाने आटत नाही.

आम्ही एका उसाशाच्या कठड्यावरून आत वाकून पाहिले. भर दुपारी आतून गारवा आला. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी हितं पाणी वढायचं न्हाई. त्याला वाट दावायची."

इतक्या थोड्या शब्दांत मला हे सांगता आले नसते. कारेझ जेवढे पाणी पाझरून येते तेवढेच देते. पाऊस कमी झाला तर धार बारीक होते, आणि माणसाला त्याच वेळी कळते की जपून वापरावे. बोअरचे तसे नाही. पाचशे-सातशे फूट खाली जाऊन आपण ओढत राहतो, आणि ते संपल्यावरच संपले हे कळते. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते.

ही विद्या केवळ बिदरची नाही. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला मोरोक्को देश आहे. तिथल्या माराकेश या जुन्या राजनगरीला बाराव्या शतकापासून अशाच भुयारांनी पाणी मिळत असे. तिथे त्यांना खेत्तारा म्हणतात. इराणातल्या कनातींना २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या मराठवाड्यात मलिक अंबरने औरंगाबादेत बांधलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून पाणी खेळवण्याच्या याच परंपरेतली. माराकेश ते बिदर, मध्ये समुद्र आणि वाळवंटे. पण कोरड्या मुलखातल्या माणसाची बुद्धी सगळीकडे एकाच वाटेने चालली.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. कारेझ एकट्याच्या मालकीची नसते. मूळ विहीर एकाच्या शेतात, उसासे दहा जणांच्या, तोंड भलत्याच ठिकाणी. वरच्याने उसासा बुजवून घर बांधले की खालच्याचे पाणी तुटते. शेजारी खोल बोअर घेतली की थरातले पाणी भुयारापर्यंत पोचत नाही. बिदरच्या कारेझांचे असेच झाले. त्यांत गाळ साचला, कचरा पडला, आणि नळ आल्यावर लोक त्यांना विसरले. दहाएक वर्षांपूर्वी अभ्यासकांनी त्यांचा माग काढला आणि नौबादच्या कारेझमधला गाळ उपसण्याचे काम झाले. गाळ उपसता येतो. पण 'हे पाणी आपल्या सगळ्यांचे' ही समजूत एकदा बुजली, की ती उपसून काढणे अवघड.

परतीच्या आधी आम्ही बिदरी कारागिरांच्या गल्लीत डोकावलो. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. त्यावर मोरचूद चोळून तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे नक्षी स्पष्ट दिसते. नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप देतात. त्याने जस्त कायमचे काळेभोर होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. ही माती उन्हापावसाचा स्पर्श न झालेल्या जागेचीच लागते; कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ साली या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. राजे गेले, तख्त गेले. मातीची पारख असलेला माणूस मात्र अजून त्याच गल्लीत हातोडी ठोकत बसला आहे.

आता शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ही तारीख आपल्या मुलांना पाठ असते, आणि असावीच. पण आपल्याच किल्ल्यातल्या शिबंदीला पाणी कुठून मिळे, असा प्रश्न कोणी परीक्षेत विचारत नाही. सहल बिदरला न्या. ते नाही जमले तर गावातच न्या. जुनी बारव कुठे आहे, आड कोणी बुजवला, नाल्याचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जाई, हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून मुलांना एक नकाशा काढू द्या. तो शाळेच्या भिंतीवर लावा. मुलांचा इतिहास पक्का होईल, भूगोलही होईल. आणि कोणी सांगावे, तो नकाशा पाहून गावातली चार माणसे फावडे घेऊन बारवेकडे निघतील.