गुंता खाली, दोष वर

गेल्या हिवाळ्यात मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरच्या शाळेत विज्ञान मेळाव्यासाठी आम्ही गेलो होतो. मधल्या सुट्टीत तेथील शिक्षकांनी आम्हाला समोरच्याच घरी नेले. ओसरीवर पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन होते. त्या घरातील ताई आसपासच्या लोकांच्या गोधड्या आणि मुलांचे गणवेश शिवून देत. त्यांची तक्रार मोठी चमत्कारिक होती. गोधडी घातली की मशीन बरे चालते, गणवेशाचे कापड घातले की मात्र शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास लोंबू लागतात, आणि शिवण जरा ओढली की उसवते. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कारागिराने बॉबिन केसचा स्क्रू दोनदा पिळून दिला होता. त्यानंतर त्रास वाढलाच. "मशीनच कामातून गेली, सर. आता नवीनच घ्या लागते," असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. नवे मशीन म्हणजे त्यांची कित्येक महिन्यांची शिलाई.

उसवलेला गणवेश ही गोष्ट शिक्षकांना नवी नाही. २०२४-२५ या शालेय वर्षात राज्यातील गणवेशांची शिलाई महिला बचत गटांकडे सोपविली गेली, कपड्यांच्या दर्जाविषयी बऱ्याच तक्रारी आल्या, आणि २०२४ च्या अखेरीस हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. त्या तक्रारींमागे अनेक कारणे असतील. पण शिवण उसवली की "बाईचा हात बसलेला नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि यंत्रात काय घडते आहे हे कोणी पाहत नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

कबूल करायला हवे की आम्हीही प्रथम बॉबिनच उघडली. फास खाली दिसतात, तेव्हा बिघाड खालीच असणार, असा विचार सहज मनात येतो. तो चुकीचा आहे. का, ते समजण्यासाठी यंत्राचा टाका कसा पडतो ते पाहू या.

हाताने शिवताना सबंध दोरा कापडातून आरपार जातो. यंत्राच्या सुईला नेढे टोकाशी असते, म्हणून दोरा खाली जातो आणि परत वर येतो. अशी सुई आणि दोन दोऱ्यांची गुंफण वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट इलियास हौ यांना अमेरिकेत १८४६ साली मिळाले. आपल्या घरातील मशीनचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. सुई तळाशी पोचून किंचित वर येऊ लागते, तेव्हा तिच्या एका बाजूच्या लांब खाचेत दोरा मोकळा सरकतो. दुसऱ्या, चपट्या बाजूला मात्र कापडाच्या घर्षणामुळे तो अडकतो आणि बाहेर फुगून त्याचा लहानसा फास तयार होतो. शटलचे टोक नेमके त्या क्षणी येऊन फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. मग वरचा दांडा दोरा खेचून घेतो. खालची सरकती पट्टी उघडून चाक हाताने सावकाश आपल्याकडे फिरवले, तर हे सारे डोळ्यांना दिसते. वर्गात दाखवण्याजोगी याहून चांगली यंत्ररचना आम्हाला ठाऊक नाही.

आता दोन्ही दोरे एकमेकांत अडकले आहेत. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमधून येतो. त्यांचे घर्षण त्याला मागे ओढते. खालचा दोरा बॉबिन केसच्या पोलादी पट्टीखालून येतो. तीही त्याला मागे ओढते. ही रस्सीखेच आहे. दोघांचा जोर सारखा असेल, तर अडकण्याची जागा कापडाच्या जाडीत मधोमध राहते आणि बाहेरून दिसत नाही. एकाचा जोर कमी पडला, की ती जागा जिंकणाऱ्याच्या बाजूला सरकते. खाली फास दिसतात ते वरच्या दोऱ्याचे असतात: तो हरला आहे, म्हणून खाली ओढला गेला आहे. गुंता खाली असला तरी ढिलाई वर आहे. अशा वेळी खालचा स्क्रू पिळणे म्हणजे जिंकणाऱ्या संघात आणखी दोन गडी घालणे. कारागिराच्या उपायाने त्रास का वाढला, याचे उत्तर यात आहे.

मग गोधडी कशी नीट शिवली जात होती? गोधडीची जाडी चार-पाच मिलिमीटर. गाठ मध्यापासून मिलिमीटरभर सरकली तरी थरांतच दडून राहते. शिवाय इतके थर दोऱ्याला स्वतःच घट्ट धरून ठेवतात. गणवेशाच्या कापडाचे दोन थर मिळून जेमतेम मिलिमीटरभर. तेथे गाठीला लपायला जागाच नाही. मशीन दोन्ही वेळा सारखेच बिघडलेले होते. गोधडी ते झाकून घेत होती, इतकेच.

चकत्या उघडून पाहिल्या, तर त्यांच्यामध्ये सुताच्या कोंड्याची चांगली जाड वळकटी बसलेली. दोरा तिच्यावरून नुसता तरंगत होता. दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. ताई कापड दाबणारा पाय खाली ठेवून दोरा ओवत. पाय खाली असताना चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही; पाय वर उचलला की त्या सैल होतात. कोंडा काढला, पाय उचलून दोरा ओवला आणि कारागिराने पिळलेला स्क्रू थोडा परत सोडला. बॉबिन केस तिच्याच दोऱ्याने लटकवली असता स्थिर राहावी, आणि हाताला हलका हिसका दिला तर बोटभर खाली सरकावी, इतपत तो सोडायचा असतो.

दोन चाचण्या मुलांकडून जरूर करून घ्याव्यात. वर लाल आणि खाली पांढरा असा एकाच जातीचा दोरा घालून चिंधीवर टीप मारावी. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला. खाली लाल ठिपके दिसले तर तो सैल. मग फक्त वरचे टेन्शन अर्धा वेढा बदलून पुन्हा टीप मारावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगातली शिस्त येथे आपोआप अंगवळणी पडते. दुसरी चाचणी अशी: कापडावर तिरकी, म्हणजे उभ्याआडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करणारी टीप मारून ते दोन्ही हातांनी झटकन ओढावे. त्या दिशेला कापड ताणते, दोरा ताणत नाही. जो दोरा आधी तुटेल तो अधिक आवळलेला आहे.

वरचा दोरा सारखा तुटत असेल, तर टेन्शनआधी सुईकडे पाहावे. येथे एक छोटे गणित आहे. बॉबिन केसचा व्यास सुमारे दोन सेंटीमीटर आणि जाडी एक सेंटीमीटर धरली, तर तिला वेढा घालायला सहा-साडेसहा सेंटीमीटर दोरा लागतो. पातळ कापडावर एका टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो अर्ध्या सेंटीमीटरहूनही कमी. बाकीचा सगळा परत वर ओढला जातो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक तुकडा शिवणीत कायमचा बसण्यापूर्वी नेढ्यातून निदान तेरा वेळा खाली आणि जवळजवळ तितक्याच वेळा वर जातो. नेढ्याच्या कडेला केसाएवढी चरी असली, तरी पंचवीस वेळा घासून दोऱ्याचे काय होईल? स्वस्तातली सुई बदलायची सोडून महागडे रीळ बदलणारे पुष्कळ भेटतात.

टाके सुटत असतील तर गुन्हेगार बहुतेक सुईच. ती वाकडी असेल, पुरती वर सरकवलेली नसेल किंवा उलटी बसली असेल, तर शटलच्या टोकाला फास सापडत नाही. चपटी बाजू शटलच्या टोकाकडे हवी आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायला हवा. सुईवरील ९०/१४ या खुणेतील ९० म्हणजे मिलिमीटरचे शतांश, अर्थात ०.९ मिलिमीटर जाडी. गणवेशाला ती चालते. गोधडीला १००/१६ किंवा ११०/१८ घ्यावी. बारीक सुई जाड थरांत वाकते आणि खालच्या पोलादी पट्टीवर आपटून मोडते.

गोधडीचे खरे दुखणे मात्र वेगळेच असते. शेवटच्या टिपेला पोचावे तो वरचे लुगडे दोन बोटे पुढे आलेले, आणि मध्ये चुण्या. याला शिवणारी जबाबदार नाही. यंत्राचे दाते फक्त सर्वांत खालच्या थराला पुढे नेतात. वरच्या थराला पाय मागे दाबून धरतो. दर दहा सेंटीमीटरला एक मिलिमीटर फरक पडला, तरी दोन मीटरच्या गोधडीत तो दोन सेंटीमीटर होतो. म्हणून पायाचा दाब थोडा कमी करावा, आधी सर्व थर कच्च्या टाक्यांनी धरून घ्यावेत, आणि टिपा मध्यापासून कडेकडे माराव्यात. हाताच्या धावदोऱ्यात ही अडचण जवळजवळ येत नाही. तेथे थर जमिनीवर स्वस्थ पडलेले असतात, आणि सुई सगळ्यांना एकदम उचलते.

कर्नाटकातील उत्तर कन्नड भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी करतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे शिवत जातात, म्हणजे आमच्या नियमाच्या अगदी उलट, तरी चुण्या पडत नाहीत. कारण वरचे कापड अखंड नसते. एकेक तुकडा त्या त्या जागी दुमडून लावला जातो, त्यामुळे सरकलेले कापड साठतच नाही. नियम पाठ करण्यापेक्षा नियमामागचे कारण ठाऊक असलेले बरे, ते यासाठी.

धुतल्यावर पडणाऱ्या चुण्यांचे कारण आणखी निराळे. सुती तंतू पाण्याने फुगतात, विणीतले धागे अधिक नागमोडी होतात, आणि कापड आखडते. जुने लुगडे कितीतरी धुण्यांत आखडून झालेले असते. त्याला लावलेली कोरी किनार अजून आखडायची असते. कोरे कापड आधी भिजवून वाळवले की काम झाले.

निघताना ताईंनी एक गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात दोरा फार तुटतो, म्हणून त्या रिळे माठाच्या तिवईखाली ठेवतात. ऐकणाऱ्याला हे खुळ वाटेल, पण सुती दोऱ्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो, आणि ओलावा असताना तो अधिक बळकट असतो. वाशीमच्या मे महिन्यातील दुपारी हवा अगदी कोरडी पडते, दोराही कोरडा आणि ठिसूळ होतो. पॉलिएस्टरमध्ये मात्र पाणी अर्धा टक्काही मुरत नाही. म्हणून आम्ही त्यांच्या दोन रिळांचे वीत-वीतभर तुकडे चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहिले. जुन्या पांढऱ्या रिळाचा दोरा कागदासारखा जळून त्याची राख झाली. नव्या निळ्या रिळाचा वितळला, आणि त्याचा टणक काळा मणी झाला. निळे रीळ त्यांनी हसत तिवईखालून काढून मशीनच्या खणात टाकले.