ऊसतोड मुकादम

ऊसतोडणीसाठी मजुरांच्या टोळ्या जमवून त्या साखर कारखान्यास पुरविणाऱ्या मध्यस्थास मुकादम म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ 'अग्रणी' असा आहे. खानदेशातील टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व दक्षिण गुजरातेत जातात. पतिपत्नीच्या जोडीस 'कोयता' ही संज्ञा आहे. हंगामापूर्वी दिलेली 'उचल' मजुरीतून वळती होते. हिशेब वहीत नोंदवून दाखविणारा मुकादम आणि तोंडी हिशेबावर उचल फिटू न देणारा मुकादम यांत मजुराच्या दृष्टीने मोठे अंतर असते. उलटपक्षी, उचल घेतलेले मजूर न आल्यास तोटा मुकादमास सोसावा लागतो. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० ने कंत्राटदाराने थकविलेल्या वेतनाची जबाबदारी मूळ मालकावर ठेवली. तथापि लेखी नोंदीअभावी थकबाकी सिद्ध करणे मजुरास कठीण जाते.