सिमेंटचा बैल

कुळवावर दगड ठेवलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना वजनाचं हे शास्त्र अर्धं आधीच ठाऊक आहे. फास मातीत उतरत नसली, नुसती वरवर घसरत असली, की बांधावरचा एखादा बऱ्यापैकी धोंडा उचलून दांडीवर ठेवायचा. धोंडा हाताशी नसला तर घरातलं पोर बसवायचं. पोराला वाटायचं आपल्याला गाडीत बसवलंय. आजोबांच्या लेखी ते पंधरा किलो होतं.

आमच्या खंडाळ्यात शेजारच्या आबांकडे एक जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला छोटा ट्रॅक्टर आहे. १५ एचपीचा. मळ्यात मातीची भर लावायला झकास, पण नांगर लावला की तंगडं धरल्यासारखा अडतो. इंजिन बंद पडत नाही, गुरगुरतंय. धूर आहे, आवाज आहे, आणि मागचं चाक जागच्या जागी फिरून मातीत खड्डा पाडतंय. मी म्हटलं, इंजिनात दम नाही. आबा म्हणाले, "दम हाय रं. पाय रोवत न्हाय त्यो."

घरी येऊन कागदावर आकडे मांडले आणि थक्क झालो. १५ एचपी म्हणजे साधारण ११ किलोवॅट. ताशी ३ किलोमीटर चालीने एवढी ताकद पुरी वापरता आली, तर ओढ भरते तेराशे किलोच्या वर. गिअर, बेअरिंग, टायर यांनी त्यातली निम्मी खाल्ली असं धरा, तरी साडेसहाशे उरते. आता चाकाची बाजू बघू. असल्या ट्रॅक्टरचं वजन आठशे किलोच्या आसपास, त्यातलं मागच्या चाकांवर पावणेपाचशे-पाचशे. नांगरटीच्या जमिनीवर टायर आपल्या अंगावरच्या वजनाच्या निम्म्याइतकी पकड घेतो, जमीन कडक असेल तर थोडी जास्त. म्हणजे अडीचशे किलो. साडेसहाशेची ताकद आहे, आणि ती जमिनीत उतरायला वाट मात्र अडीचशेची! उरलेली ताकद मातीत खड्डा पाडण्यात जाते.

अशा वेळी इंजिनाला हात लावायचा नाही. मागच्या चाकांवर वजन चढवायचं. कंपन्या त्यासाठी बिडाच्या चकत्या विकतात. जुन्या ट्रॅक्टरला नेमक्या बसणाऱ्या मिळणं अवघड, म्हणून आबांनी घरीच ओतायच्या ठरवल्या.

ओतकाम पाहायला मी मुद्दाम थांबलो. ४० सेंटिमीटर व्यासाचं, १० सेंटिमीटर उंचीचं पत्र्याचं कडं प्लॅस्टिकच्या कागदावर मांडलं होतं. चाकाच्या मधल्या भागाला जागा राहावी म्हणून मध्यभागी १५ सेंटिमीटरच्या पाइपाचा तुकडा उभा, आणि बोल्टांसाठी बारक्या नळ्या. चाकाच्या तबकडीला जिथे भोकं होती तिथेच त्या नळ्या आल्या पाहिजेत, म्हणून आबांनी आधी पुठ्ठ्यावर चाकाचा छाप घेतला होता. आत सळईची दोन वेटोळी तारेने बांधलेली. मग एक भाग सिमेंट, दोन वाळू, तीन बारीक खडी. पाणी बेताचंच. घमेल्यातून माल पडला की आबा सळईने टोचत होते, हवेचे बुडबुडे वर येऊन फुटत होते. वर थापी फिरवली, दुसऱ्या दिवशी ओलं पोतं टाकलं. काँक्रीटची पुरी ताकद २८ दिवसांनी धरतात. आबांनी तेवढे दिवस खरोखर वाट पाहिली, याचं मला जास्त नवल वाटलं.

मधलं भोक वजा जाता अशा चकतीत मावतो जवळपास पावणेअकरा लिटर माल. काँक्रीटचा लिटर २.४ किलोचा, म्हणजे चकती २६ किलोची. कांद्याच्या काट्यावर ठेवली तर काटा तेवढ्यावरच थांबला. हीच चकती बिडाची असती तर ७८ किलो भरली असती. लोखंडाचं मोठेपण ते इथे: जागा तेवढीच, वजन तिप्पट. महामार्गालगतच्या भंगारवाल्याकडे ट्रकचा झिजलेला ब्रेक ड्रम मिळाला तर तो एकटाच चाळीस-पन्नास किलो भरतो. पण भोकं जुळत नाहीत, मग वेल्डिंग आलं. दुसरी युक्ती म्हणजे काँक्रीटमध्ये खडीऐवजी लोखंडाचे तुकडे मिसळायचे. मालाचा तिसरा हिस्सा लोखंड असलं तरी लिटरला चार किलोपर्यंत जातं.

आबांनी चार चकत्या केल्या, एकेका चाकाला दोन. एकूण १०४ किलो, म्हणजे ओढ वाढली पन्नास-बावन्न किलोने. ऐकायला हे काहीच नाही. पण बैल दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्केच ओढतो. चारशे किलोचा खिल्लार धरा, त्याची ओढ चाळीस ते अठ्ठेचाळीस. सिमेंट, वाळू आणि चार बोल्ट यांतून आबांनी एक बैल जुंपला होता, आणि त्याला ना वैरण ना पाणी. थोडं डिझेल मात्र तो खातो, कारण ते वजनही वाहून न्यावं लागतंच.

वजन चाकालाच का, हेही समजण्यासारखं आहे. सीटमागे दगड बांधले तर त्यांचा भार ॲक्सलवरून, बेअरिंगमधून खाली येतो. चाकाला बोल्टने बसवलेली चकती थेट टायरवर आणि टायरवरून जमिनीवर बसते. ॲक्सलला तिची खबरही नसते.

जड न होता जड होण्याची युक्तीही आहे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर साखळीने ओढण्याऐवजी तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला, त्यामुळे नांगराचं वजन आणि मातीचा रेटा मागच्या चाकांवर येऊ लागला. ट्रॅक्टर हलका राहिला आणि नांगरताना जड झाला. आज मागे दिसणारी तीन टोकांची जोडणी ती हीच. इकडे आपल्या बाजूला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते असं तेव्हा शेतकरी म्हणत. जमीन नासली नाही, पण नांगर खोल जाऊ लागला. खोल जायचं तर ओढ पाहिजे, हा हिशेब तेव्हापासूनचा.

मात्र वजनाचाही हावरटपणा नको. मागेच भार वाढवला तर पुढचं टोक हलकं होतं. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचललेला ट्रॅक्टर सातारा-सांगलीत कुणी पाहिला नाही? शिवाय ओल्या काळ्या रानात जड चाक मातीची वीट करतं, आणि ती वीट पिकाच्या मुळांना फोडता येत नाही.

किती वजन पुरे, हे खडूने कळतं. टायरवर रेघ मारा, रिकाम्या ट्रॅक्टरच्या चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर मापा. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. आबांचा ट्रॅक्टर रिकामा २७ मीटर गेला. नांगर लावल्यावर चकत्यांआधी १९, चकत्यांनंतर २३. म्हणजे घसर ३० टक्क्यांवरून १५ वर आली. पार शून्यावर आणायला जाऊ नका. दहा-पंधरा टक्के घसरणारा टायरच सर्वात चांगलं काम करतो. आणि पहिल्या पावसानंतर रान ओलं झालं की चकत्या उतरवून ठेवा. आबांच्या सध्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.