साडेसहाशे शब्दांत निपाणी

1 नोव्हेंबर बेळगावात कुणाला सांगावा लागत नाही. राणी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचा दणदणाट, आणि मराठी माणसाच्या दंडाला काळी फीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या पहिल्या फेरीचे अर्जही त्याच रात्री 11.59 ला बंद होतात, हे एका पालकाकडून कळलं आणि मी टिळकवाडीतल्या एका क्लासचा जिना चढलो.

"साडेसहाशे शब्द. एक जास्त झाला तरी फॉर्म घेत नाही," क्लासचे सर म्हणाले. कॉमन अॅप या अमेरिकी कॉलेजांच्या सामाईक अर्जावरच्या मुख्य निबंधाची ही मर्यादा. बाकीचं यथासांग: एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे 625 पैकी गुण, सॅट, शाळेबाहेरचे दहा उद्योग, प्रत्येकाला 150 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून.

एक मुलगी निपाणीहून येत होती. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. तिनं दप्तर उघडलं की तंबाखूचा वास यायचा. निपाणीत तो वखारींपासून घरांपर्यंत सगळीकडे असतो, कुणाला जाणवतही नाही. इथे एसीच्या खोलीत दोन मुलांनी खुर्च्या सरकवल्या.

"आईवर लिही," सर तिला म्हणाले. "विडी कामगाराची मुलगी! वाचणारा रडला पाहिजे."

"आईचं नको, सर."

मला सरांचा सल्ला खटकला. पण ते काही हवेतलं बोलत नव्हते. हार्वर्डला शंभर अर्जांमागे जेमतेम चार जण घेतात, तेव्हा लक्षात राहील असं काहीतरी हवंच. आणि ते साडेसहाशे शब्दांत.

तिच्या यादीत वर कोलंबिया होतं. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन तिथे गेले, आणि 1925 च्या एप्रिलमध्ये निपाणीच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. सरांनी कोलंबियावर काट मारली. परदेशी मुलानं आर्थिक मदत मागितली तर तिथे निवड करताना ते विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशा मोजक्याच ठिकाणी घेत नाहीत. ती मुकाट्यानं काट बघत राहिली.

मग मदतीचा फॉर्म. आईचं वार्षिक उत्पन्न किती? आईचा हिशेब हजार विड्यांवर चालतो. पान कमी आलं की आठवडा रिकामा. पगाराची पावती नाही, आहे ते विडी कामगाराचं ओळखपत्र. क्लासमधल्या दुसऱ्या एका मुलाचे वडील सीएला फोन करून मोकळे झाले होते. गरिबाला मदत देणारा फॉर्म गरिबालाच सगळ्यात जड जातो, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

निबंध तिनं अखेर लिहिला तो पानावर. विडीचं पान ओलं करून त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवतात आणि कात्रीनं त्या मापाचा आयत कापतात. पान गोलसर, मधे जाड शीर, कडेला किडीची भोकं. पत्रा कसा फिरवला तर एका पानातून दोन आयत निघतात आणि कधी एकावरच भागवावं लागतं, याचं गणित तिनं वहीत आकृत्या काढून मांडलं होतं. आई त्यात एका वाक्यापुरती, पान हातात धरलेली. सरांनी वाचलं, चष्मा काढला, "रडू नाही येत," म्हणाले. मला तो निबंध फार आवडला. शब्दही साडेसहाशेच्या आत होते.

अडलं ते शिफारसपत्रावर. तिच्या गणिताच्या सरांनी प्रेमानं लिहिलेलं पत्र चार ओळींचं: विद्यार्थिनी शांत, आज्ञाधारक, वर्तणूक उत्तम. दाखल्यावर लिहितो तेच. याच सरांची फळ्यावरची चूक तिनं भर वर्गात दाखवली होती आणि त्यांनी तिथल्या तिथे ती दुरुस्त केली होती, असं तिनं मला जिन्यात सांगितलं. पत्रात त्यातलं काही नव्हतं.

सीमाभागातल्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती. असं पत्र मागायला कुणी आलं तर आज्ञाधारकपणा राहू द्या. तिनं तुमची कोणती चूक काढली ते लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल.